सायकोसोमॅटिक रिहॅब : १७ चे ७ झाले, आता पुन्हा १२. मग मी बरी झाले की नाही?

चिंचगुळ | रविवार, २१:४०

मंडळी, लिहू की नको असं करत तीन रविवार गेले. आज लिहितेच.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दोन वर्षं पोटात दुखणं, चक्कर, रात्री तीनला जाग. पोटात दुर्बीण घालून झाली, हृदयाची तपासणी झाली, मेंदूचा एमआरआय झाला. सगळे रिपोर्ट इतके छान की लग्नाच्या बायोडेटाला जोडावेत. शेवटी ट्रेनमध्ये दोनदा घाबरून मधल्याच स्टेशनवर उतरले आणि ऑफिसला जाणं बंद झालं. इथे पहिले सहा आठवडे कंपनी पगार देते, मग आरोग्य विमा कंपनी आजारपणाचे पैसे देते. काही महिन्यांनी विम्याकडून पत्र आलं, दहा आठवड्यांत रिहॅबसाठी (मनामुळे शरीराला होणाऱ्या त्रासावरचे पुनर्वसन उपचार) अर्ज करा. केला. श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या एका क्लिनिकमध्ये पाच आठवडे राहिले. खर्च पेन्शन विम्याचा.

प्रश्न असा. पहिल्या दिवशी प्रश्नावल्यांचा गठ्ठा दिला. त्यात पीएचक्यू-९ होता (उदासीनता मोजणारी प्रश्नावली, गुण जितके जास्त तितका त्रास जास्त), माझे गुण आले १७. निघायच्या दोन दिवस आधी तोच गठ्ठा पुन्हा, गुण ७. अहवालात लिहिलं, ‘लक्षणीय सुधारणा, दिवसाला सहा तास व अधिक काम करण्यास सक्षम’. डॉक्टरांनी हात मिळवला, मीही खूश.

आता सहा महिन्यांनी क्लिनिककडून लिफाफा आलाय, पुन्हा तोच फॉर्म. भरला, गुण मोजले : १२.

मग मी बरी झाले होते का? आता परत आजारी आहे का? आणि हा फॉर्म असाच पाठवू, की थोडं बरं बरं लिहू? त्या लोकांनी खरंच खूप केलं माझ्यासाठी.

खारेदाणे | रविवार, २१:५२

पहिला!

परीक्षा देणाराही तुम्ही, पेपर तपासणारेही तुम्ही आणि तरी १२? मी असतो तर बोर्डात आलो असतो.

(हलकं घ्या. काळजी घ्या ताई.)

अण्णा_डोंबिवलीकर | रविवार, २२:१५

मला एक कळलं नाही. तब्येतीचा आणि पेन्शनवाल्यांचा काय संबंध? आमच्याकडे पेन्शन ऑफिसात गेलं की तब्येत बिघडते.

बाकी मन असं आकड्यांत मोजता येत नाही हे माझं स्पष्ट मत. माणूस हसतोय का, जेवतोय का, चार लोकांत बसतोय का, हे बायकोला विचारा. तीच खरी प्रश्नावली.

कोकम_सोडा | रविवार, २२:४८

अण्णा, संबंध आहे. मी जर्मनीतच एका रिहॅब क्लिनिकमध्ये फिजिओ आहे (चिंचगुळताईंच्या नाही, आमच्याकडे गुडघे आणि पाठी). इथे सूत्रच आहे, ‘रेहा फोर रेंटे’, म्हणजे पेन्शनच्या आधी पुनर्वसन. माणूस कामावरून कायमचा बाहेर पडला की पेन्शन विम्याला वयाआधीच अक्षमतेची पेन्शन द्यावी लागते. ती नव्याने मंजूर होते त्यात सगळ्यात मोठा गट पाठदुखीचा किंवा हृदयरोगाचा नसून मानसिक आजारांचा आहे. त्यामुळे त्यांचा हिशोब सरळ आहे : आज पाच आठवड्यांचा खर्च करा, उद्या वीस वर्षांची पेन्शन वाचवा.

आणि म्हणूनच अहवालातली तासांची ओळ महत्त्वाची. सहा तास आणि वर म्हणजे पेन्शन नाही. तीन ते सहाच्या आत म्हणजे अर्धी. तीनच्या खाली म्हणजे पूर्ण. पेन्शन विम्याचा माणूस अहवाल उघडला की आधी ती ओळ बघतो. पीएचक्यूचा आकडा त्याच्या दृष्टीने तोंडी लावायला.

पाऊलवाट | रविवार, २३:०५

ताई, मीही जाऊन आलोय, बव्हेरियात, तीन वर्षांपूर्वी. माझं उलटं झालं होतं. आत जाताना ‘तुम्हाला राग येतो का’ याला मी शून्य दिलं. खरंच वाटायचं की मला राग येतच नाही. पाच आठवडे गटात बसून कळलं की मी चौदा वर्षं मोठ्या भावावर चिडलेलो आहे. जाताना त्याच प्रश्नाला दिले तीन. कागदावर मी बिघडून बाहेर पडलो. आणि माझी थेरपिस्ट म्हणाली, हा या वर्षातला माझ्या आवडीचा निकाल आहे.

जेवण मात्र भयंकर. संध्याकाळी साडेपाचला थंड पाव आणि चीज.

खारेदाणे | रविवार, २३:११

चौदा वर्षांचा राग मोजला, थंड पावाचा नाही मोजला. पद्धतीत दोष आहे.

विदासागर | सोमवार, ०७:३०

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तोंड घालतो. चहा घेऊन बसा.

पीएचक्यू-९ हा क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांचा, २००१ मधला. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण ० ते २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो.

आता मुद्दा. वजनकाट्यावर एकच माणूस सकाळी ७०.२ आणि दुपारी ७०.९ भरतो, म्हणून आपण त्याला लठ्ठ झाला म्हणत नाही. प्रश्नावलीचंही तसंच, तिला स्वतःची थरथर असते. फरक या थरथरीपेक्षा मोठा असेल तरच तो खरा धरायचा, हे जेकबसन आणि ट्रुऑक्स यांनी १९९१ मध्ये मांडलं. इंग्लंडच्या सरकारी सेवेत पीएचक्यू-९ साठी हा उंबरठा ६ गुणांचा धरतात.

चिंचगुळताई, तुमचं गणित बघा. १७ ते ७ म्हणजे फरक १०, उंबरठ्याच्या वर. सुधारणा खरी. ७ ते १२ म्हणजे फरक ५. बिघडलात असं म्हणता येत नाही. आणि गंमत म्हणजे १७ ते १२ हाही फरक ५, म्हणजे सुरुवातीपेक्षा सुधारलात असंही या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. १२ ही जागा अशी आहे की दोन्हीकडचे वकील खटला हरतात.

दुसरं. माणूस रिहॅबला कधी जातो? अगदी तळाला गेल्यावर. दम्याच्या सगळ्यात वाईट रात्रीनंतर कोणताही काढा दिला तरी दुसरी रात्र थोडी बरीच जाते. त्यामुळे ‘आधी आणि नंतर’ मधल्या फरकातला काही भाग उपचाराचा नसून नुसत्या वेळेचा असतो. किती, हे कळायला ज्यांना उपचार मिळाले नाहीत असा गट हवा. पण जिथे रिहॅब हा कायद्याने हक्क आहे तिथे चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना ‘तुम्ही घरी बसा’ कसं सांगणार? या क्षेत्रातली बहुतेक आकडेवारी म्हणूनच आधी-नंतरची आहे. ती खोटी नव्हे, पण फुगलेली असू शकते.

लीड्सचा_बाप्या | सोमवार, १३:२०

विदासागर सरांनी इंग्लंडचं नाव काढलं म्हणून. इकडे २००८ पासून आयएपीटी नावाची सरकारी मानसोपचार सेवा आहे, २०२३ मध्ये नाव बदलून टॉकिंग थेरपीज केलं. मी तिचा पेशंट होतो. प्रत्येक भेटीला पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठीचा जीएडी-७ भरायचा. दर वेळी. त्यामुळे कुणी मध्येच सोडून गेला तरी त्याचा शेवटचा आकडा हाती असतो. जर्मनीत दोनदाच मोजतात आणि मग सहा महिन्यांनी पोस्टाने. ज्यांचं बरं चाललंय किंवा अगदी वाईट चाललंय ते लिफाफा उघडणारच नाहीत!

पण आमच्याकडची भानगड वेगळी. ‘रिकव्हरी’ची व्याख्या अशी की सुरुवातीला रेषेच्या वर होता आणि शेवटी पीएचक्यू १० च्या खाली, जीएडी ८ च्या खाली. उद्दिष्ट बरीच वर्षं ५० टक्क्यांचं होतं. म्हणजे कुणी १० वरून ९ वर आला आणि चिंतेचे गुणही रेषेखाली असले की बरा. आणि २४ वरून १३ वर आलेला बिचारा, ज्याचं आयुष्य पालटलं, तो ‘बरा नाही’. (‘भरवशाची सुधारणा’, म्हणजे सरांचा उंबरठा ओलांडणारी, वेगळी मोजतात हे खरं, पण बातमीत पहिलाच आकडा येतो.)

माझी थेरपिस्ट बाई चांगली होती. शेवटच्या भेटीत माझे १० आले तेव्हा मात्र तिने फॉर्मकडे एक क्षण जास्त बघितलं. मी पेन उचललं आणि झोपेचा आकडा २ चा १ केला. तिने सांगितलं नव्हतं. तरी केला. तिचं मन राहावं म्हणून.

चिंचगुळ | सोमवार, १९:०२

बाप्या, अगदी अगदी! जाताना मला हेच झालं. नर्सबाई रोज सकाळी ‘कशी आहेस गं’ म्हणून विचारायच्या, त्यांना ‘अजून दुखतंय’ काय सांगणार.

तिसरा_मजला | सोमवार, २२:१०

पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. हे जुनंच दुखणं आहे, त्याला नावही आहे, ‘हॅलो-गुडबाय’ परिणाम. येताना माणूस मदत मिळावी म्हणून थोडं जास्त सांगतो, जाताना आभार म्हणून थोडं कमी. दोन्ही वेळा तो खोटं बोलत नसतो. आपण पाहुणे निघताना ‘काही कमी पडलं नाही ना’ विचारलं तर कोण म्हणतं, गादी टोचत होती?

दुसरं, तुम्ही क्लिनिकमध्ये होतात तेव्हा स्वयंपाक नव्हता, बॉस नव्हता, ट्रेन नव्हती. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं तर ते दोन आठवडे जंगलातले होते. ७ हा आकडा खरा आहे, पण तो श्वार्त्सवाल्डमधल्या चिंचगुळचा.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही म्हणून सांगते. नववा प्रश्न, मरण बरं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, तो बेरजेत हरवू द्यायचा नसतो. एकूण ८ आणि नववा २ असेल तर तो माणूस एकूण १५ आणि नववा शून्य असलेल्यापेक्षा आधी बघायचा. वाचणाऱ्यांत कुणाचं तसं असेल तर भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

अण्णा_डोंबिवलीकर | सोमवार, २२:३१

म्हणजे मी म्हणत होतो तेच सगळे मोठ्या शब्दांत म्हणताहेत. मोजता येत नाही.

विदासागर | मंगळवार, ०७:१५

नाही अण्णा. मोजणं अवघड आहे असं म्हणतोय. आणि तुमची बायकोची पद्धत हीही मोजणीच आहे, फक्त निरीक्षक एकच आणि तोही पक्षपाती. आकडे नसते तर प्रत्येक क्लिनिकने ‘आमच्याकडे सगळे हसत जातात’ म्हटलं असतं आणि आपण मान डोलावली असती.

घाटवळण | मंगळवार, १०:४०

अवांतर होईल, पण माझ्या भावाबद्दल लिहावंसं वाटतंय. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, आम्ही साताऱ्याला असतो. आमच्याकडे मोजणी होते ती अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. आयडियाज नावाचं मोजमाप आहे, भारतातल्याच मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेलं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, चार भाग, प्रत्येकी ० ते ४, वर आजाराला किती वर्षं झाली त्याचे गुण. ४० टक्के अपंगत्व भरलं तर २०१६ च्या कायद्यातल्या सवलती, नाहीतर नाही.

तपासणीच्या दिवशी भाऊ सकाळी उठून स्वतः दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. चार महिन्यांत पहिल्यांदा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला, अरे आज कशाला, गुण कमी होतील. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

कोकम_सोडा | मंगळवार, ११:२५

घाटवळण, लाज वाटू देऊ नका. इथेही तेच चालतं, फक्त शर्ट महाग असतो. ज्याला अक्षमतेची पेन्शन हवी आहे किंवा जो तिच्यासाठी भांडतोय, त्याचे निकाल रिहॅबमध्ये वाईट येतात, हे क्लिनिकमधल्या कुणालाही विचारा. जर्मनमध्ये त्याला शब्दच आहे, रेंटनबेगेरन, पेन्शनची आस. आजार खोटा असतो असं नाही. पण बरं होण्याची किंमत दरमहा युरोत दिसत असेल तर शरीर ऐकतं का?

मनोहारी | मंगळवार, १४:५०

नाशिकला मानसोपचार करते. ‘शरीर ऐकतं का’ हे वाक्य उचलून ठेवलं आहे.

भाषेबद्दल थोडं. माझ्याकडे गावाकडून येणारी बाई ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणते. ती म्हणते डोकं जड झालंय, अंगात आग आहे, जीव घाबरा होतो, करमत नाही, हातापायातलं बळ गेलं. पीएचक्यू-९ मध्ये या तक्रारींना जागा फार थोडी. शारीरिक तक्रारींसाठी वेगळा पीएचक्यू-१५ आहे, तो लावला की गुण धो धो येतात. मग ‘औदासीन्य सौम्य’ असा निष्कर्ष काढला तर चूक कुणाची? ‘स्वतःबद्दल वाईट वाटणं’ हा सहावा प्रश्न विचारला की हमखास उत्तर येतं, ‘नाही हो डॉक्टर, मी कुणाचं काय वाईट केलं?’

चिंचगुळ, तुम्ही फॉर्म जर्मनमध्ये भरलात ना?

चिंचगुळ | मंगळवार, १९:४४

हो ना! दुसऱ्या प्रश्नात तीन शब्द होते. एक नीडरगेश्लागनहाइट, शब्दशः खाली पाडून मारल्यासारखं. दुसरा श्वेअरमूट, म्हणजे जड मन. तिसरा, आशा नसणं. पहिल्यावर अडले. मला कुणी मारलं नव्हतं, मी आपली बसून होते. दुसऱ्यावर मात्र एकदम वाटलं, अरे हा तर मराठीच शब्द आहे. पण खूण तिन्हींना मिळून एकच करायची!

खारेदाणे | मंगळवार, १९:५०

जर्मन भाषेत तिथल्या रिहॅबमधल्या प्रेमप्रकरणांसाठीही एक शब्द आहे म्हणे, कुअरशाटन, उपचारकाळातली सावली. त्याचे गुण कोण मोजतं?

पाऊलवाट | मंगळवार, २०:०१

माझ्या टेबलावर दोन होत्या. दोघांचेही जातानाचे आकडे उत्तम होते. सहा महिन्यांनंतरचे माहीत नाहीत.

विदासागर | मंगळवार, २१:३०

ताई, हरकत नसेल तर तिन्ही वेळचे प्रश्नवार गुण द्याल का? बेरीज म्हणजे भेळ. कुरमुरे किती आणि कैरी किती ते कळत नाही.

चिंचगुळ | मंगळवार, २२:२०

माझ्याकडे दोन्ही जुन्या कागदांच्या प्रती आहेत, मागून घेतल्या होत्या. आधी, जाताना, आत्ता या क्रमाने :

रस नसणं ३, १, १. मन जड २, १, १. झोप ३, २, ३. थकवा ३, १, ३. भूक १, ०, २. स्वतःबद्दल वाईट वाटणं ३, १, ०. लक्ष न लागणं २, १, २. हालचाल मंद किंवा अस्वस्थ ०, ०, ०. नववा ०, ०, ०.

लिहिताना आत्ता लक्षात आलं, सहाव्याला या वेळी शून्य आहे.

विदासागर | मंगळवार, २२:४१

तेच बघत होतो. आता एक साधा प्रश्न. हा फॉर्म कोणत्या आठवड्यात भरलात?

चिंचगुळ | मंगळवार, २२:५५

पुण्याहून परत आले त्या बुधवारी. शनिवारी रात्री उतरले होते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे गेले होते.

अरे देवा.

विदासागर | मंगळवार, २३:०२

झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष २. बारापैकी दहा गुण या चारांचे. यातले किती तुमचे आणि किती विमान कंपनीचे, हे प्रश्नावलीला कळत नाही. ती कारण विचारतच नाही.

उलट रस, मन आणि स्वतःबद्दल वाईट वाटणं हे तीन बघा. आधी ८, जाताना ३, आता २. एका माणसाच्या तीन प्रश्नांवर मी शोधनिबंध लिहिणार नाही. पण ही बेरीज पाहून रात्री तीनला जागंही राहणार नाही.

तिसरा_मजला | मंगळवार, २३:३०

विदासागर, छान. पण एक टोचणी. प्रवासाचा थकवा म्हणून सगळं झटकू नका. बाबांचं ऑपरेशन, तीन आठवडे माहेरी, परतीचं विमान, यात थकवा आणि काळजी एकत्रच असते. पोटदुखीचं काय? चक्कर? ते नऊ प्रश्नांत कुठेच नाही आणि ताई मुळात त्यासाठीच गेल्या होत्या!

ताई, क्लिनिकमध्ये पहिल्या आठवड्यात ध्येयं लिहून घेतली असतील ना? ती काय होती?

चिंचगुळ | बुधवार, ०८:१०

तीन होती. एक, ट्रेनने न उतरता ऑफिसला पोचणं. दोन, पोटात दुखलं तरी नवीन तपासणीसाठी न धावणं. तीन, ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी ‘नाही’ म्हणणं.

तिसरा_मजला | बुधवार, ०९:३५

झालं तर मग. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये यासाठीच एक पद्धत काढली, गोल अटेनमेंट स्केलिंग. प्रत्येक ध्येयासाठी आधीच लिहून ठेवायचं : अपेक्षित तेवढं झालं तर ०, थोडं जास्त +१, खूप जास्त +२, थोडं कमी -१, बरंच कमी -२. पट्टी माणसागणिक वेगळी. तोटा हाच की दोन क्लिनिकची तुलना करता येत नाही, आणि लबाडी करायची तर ध्येय सोपं लिहिलं की काम झालं. पण पेशंटला विचाराल तर त्याला हीच पट्टी समजते.

जर्मनीत मिनी-आयसीएफ-एपीपी नावाचंही एक आहे, मिखाएल लिंडेन, स्टेफनी बारोन आणि बिआटे मुशाला यांचं. त्यात थेरपिस्ट १३ क्षमता बघतो : नियम पाळणं, कामाचं नियोजन, बदल पेलणं, टिकाव, ठामपणा, गटात वावरणं, प्रवास करता येणं वगैरे. ‘कसं वाटतंय’ ऐवजी ‘काय जमतंय’. मला विचाराल तर कामावर परत जाण्याचा प्रश्न असेल तिथे हेच आधी बघावं. मन जड असूनही रोज कामाला जाणारे अर्धा महाराष्ट्र भरून आहेत.

अण्णा_डोंबिवलीकर | बुधवार, १०:०५

शेवटचं वाक्य पटलं. ७:५२ च्या लोकलमध्ये पीएचक्यू वाटला तर डबा रिकामा करावा लागेल.

लीड्सचा_बाप्या | बुधवार, १३:१५

अण्णा, तेवढ्यासाठी मी फॉर्म छापून पाठवतो.

चिंचगुळ, मग तीन ध्येयांचं काय झालं?

चिंचगुळ | बुधवार, २०:३०

ट्रेन : सध्या मी हळूहळू कामावर परत जाण्याच्या योजनेत आहे, इथे तिला हँबुर्ग मॉडेल म्हणतात. चार तास करते, पुढच्या महिन्यात सहा. गेल्या सात आठवड्यांत (पुण्याचे तीन सोडून) एकदाच उतरले. आणि उतरले ते पुढच्या गाडीत चढायला, घरी परत यायला नाही. शून्य देऊ की +१?

पोट : दुखतं. पुण्यात आईने वैद्यांकडे नेलंच. वैद्य म्हणाले पित्त. मी काढा घेतला आणि गप्प बसले. सोनोग्राफी केली नाही. हे काय धरायचं?

‘नाही’ म्हणणं : साहेबांना दोनदा म्हटलं. आईला एकदाही नाही.

तिसरा_मजला | बुधवार, २०:४८

ट्रेनला +१. पोटाला ०, काढ्याचा अर्धा गुण कापून. ‘नाही’ला ०, कारण तुम्ही ऑफिसात लिहिलं होतं. आई हे +२ चं काम आहे, ते कुणालाच जमत नाही.

घाटवळण | बुधवार, २१:१५

हे वाचून बरं वाटलं. आमच्या भावाचं पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचं आहे. या वेळी तो दाढी करून निघाला तर मी फोटो काढणार आहे. दाखल्याचं बघू.

मनोहारी | बुधवार, २१:४०

घाटवळण, फोटो काढाच. आणि एरवीच्या दिवसांची वहीही ठेवा, दोन-दोन ओळींची. तपासणीला ती सोबत न्या. एका सकाळवर चार महिने मोजले जाऊ नयेत. डॉक्टरांनाही ते हवंच असतं, वेळ नसतो म्हणून विचारत नाहीत.

कोकम_सोडा | बुधवार, २२:२०

मूळ प्रश्न राहिलाच, फॉर्म कसा पाठवायचा. चिंचगुळ, पहिल्या पानावर संमतीपत्रक आणि बहुतेक एक कोड नंबर असेल. तुमची उत्तरं कुणाकडे जातात ते त्यात लिहिलेलं असतं, शांतपणे वाचा. पेन्शन विम्याकडे आणि तुमच्या डॉक्टरकडे गेला तो बाहेर पडतानाचा अहवाल, तो केव्हाच गेला.

आणि क्लिनिकवरच्या प्रेमापोटी आकडे कमी करू नका. तुम्ही ७ लिहिलेत तर त्यांना वाटेल घरी गेल्यावर सगळं छान आहे, मागे काही करायची गरज नाही. बाहेर पडल्यावरचे गट असतात ना, पीएसवाय-रेना, दीड-दीड तासाच्या पंचवीस बैठका, ते याच आकड्यांमुळे टिकतात. तुम्हाला मिळाला का तो?

चिंचगुळ | बुधवार, २२:४५

नाव घातलंय, रांगेत आहे. वाट बघताना काही मोजत नाहीत वाटतं!

आणि फॉर्म पाठवते आहे. आकडे आहेत तसेच ठेवले. फक्त झोप, थकवा, भूक आणि लक्ष या चार ओळींच्या शेजारी समासात पेनने लिहिलं, ‘चार दिवसांपूर्वी भारतातून परत आले’.

कोकम_सोडा | बुधवार, २२:५२

अगं, असे फॉर्म बऱ्याच ठिकाणी स्कॅनर वाचतो! समासातलं त्याला दिसत नाही. शेवटच्या पानावर ‘आणखी काही सांगायचं आहे का’ असा चौकोन असेल, तिथे लिही.

चिंचगुळ | बुधवार, २२:५५

लिफाफा चिकटवला. तिकिटासकट.

खारेदाणे | बुधवार, २२:५६

किटली ठेवा गॅसवर. वाफेवर उघडतो. लहानपणी प्रगतिपुस्तकाच्या पाकिटाचा अनुभव आहे.